सिकलसेल आणि आहार : लोहाच्या गोळीआधी फेरिटिन तपासा

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषक तालुके आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. बाहेरच्या वाचकाला हा भाग ठाऊक असतो तो संत्र्यांमुळे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि मोठे दुखणे आले की नागपूर, असा येथला रिवाज आहे. नागपूरच्या दवाखान्यांकडे ज्या दुखण्यांसाठी वर्षानुवर्षे खेपा घालाव्या लागतात, त्यांत सिकलसेलचा क्रमांक वरचा आहे.

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नवी नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावर लिहिले होते. गोंड, परधान यांसारख्या आदिवासी जमातींत आणि महार (आजच्या बौद्ध) समाजात हा आजार अधिक आढळतो. इतर समाजांतही तो आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि आदिवासी भागांतील सुमारे सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले. तपासणीमुळे आजवर ठाऊक नसलेले रुग्ण पुढे येतात. कार्ड हातात पडले की घरातला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘आता याला खायला काय द्यायचे?’

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे चुकीचे उत्तर रुग्णाला महागात पडू शकते, म्हणून तो जरा तपशिलाने पाहायला हवा.

आधी रुग्ण कोण, वाहक कोण

तपासणीच्या अहवालात ‘एएस’ लिहिले असेल तर ती व्यक्ती वाहक आहे, ‘एसएस’ असेल तर रुग्ण आहे. वाहकाला वेगळा आहार लागत नाही, पूरक गोळ्या लागत नाहीत आणि पथ्यही नसते. वाहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न जोडीदाराच्या तपासणीचा आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. केवळ ‘विद्राव्यता चाचणी’ झाली असेल तर ती वाहक आणि रुग्ण यांतला भेद सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची चाचणी करावीच लागते. एका थेंबाच्या चाचणीवरून वाहक मुलाला ‘आजारी’ ठरवून खेळणे बंद करण्याचे कारण नाही. पुढचा सर्व मजकूर रुग्णांपुरता आहे.

‘रक्त कमी’ म्हणजे लोह कमी नव्हे

आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ असे म्हटले की पुढचे वाक्य ठरलेले असते: लोहाची गोळी घ्या, बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा. सामान्य रक्तक्षयात हा सल्ला बरोबरच आहे, कारण तेथे हिमोग्लोबिन तयार करायला लागणारे लोहच अपुरे असते. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते वेगळ्या कारणाने. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका अमिनो आम्लाची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठर होते. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्यासारखी झालेली पेशी १० ते २० दिवसांत फुटते. कारखाना अहोरात्र चालू असूनही माल टिकत नाही, अशी ही अवस्था आहे.

पेशी फुटली तरी तिच्यातले बरेचसे लोह शरीर सांभाळून ठेवते आणि पुन्हा वापरते. म्हणजे हिमोग्लोबिन ७ किंवा ८ असूनही लोहाचे कोठार भरलेले असू शकते. त्यात रक्त चढवावे लागले तर लोह आणखी साचते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. वर्षानुवर्षे साचलेले लोह यकृताला, हृदयाला आणि अंतःस्रावी ग्रंथींना इजा करते.

म्हणून नियम असा की सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी, लोहाचे टॉनिक किंवा ‘रक्तवाढीचे’ कोणतेही सिरप फेरिटिनची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नये. फेरिटिन हे साठलेल्या लोहाचे मोजमाप आहे. ते ताप किंवा वेदनांच्या झटक्यातही तात्पुरते वाढते, त्यामुळे तपासणी प्रकृती स्थिर असताना करावी. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांना कधीच रक्त चढवलेले नाही अशा काही रुग्णांमध्ये, विशेषतः लहान मुले, पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुली आणि गर्भवती यांच्यात, लोहाची खरी कमतरता असू शकते. तेव्हा लोह द्यावेच लागते. लोहाला सरसकट विष मानून बसणे हीदेखील चूकच.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न येथेच येतो. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि त्यापुढील किशोरवयीनांना निळी गोळी दिली जाते. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ज्यांना वारंवार रक्त चढवले गेले आहे त्यांना प्रतिबंधक लोह देऊ नये, असे या कार्यक्रमाच्या सूचनांतच आहे. पण गोळी वाटणाऱ्या शिक्षिकेला मुलाचा आजार ठाऊक असेल तरच ही सूचना कामाची. पालकांनी सिकलसेलचे कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी वर्गशिक्षकांना आणि आशाताईंना दाखवून ठेवावी. आजार लपवण्याची प्रवृत्ती, विशेषतः मुलीच्या बाबतीत, समजण्यासारखी आहे. तिची किंमत मात्र मूल चुकवते. शाळेतल्या गोळीत फॉलिक ॲसिड असते म्हणून ती घेऊ द्यावी, हा युक्तिवादही टिकत नाही. आठवड्याला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे या रुग्णाला रोज मिळणाऱ्या मात्रेचा नगण्य अंश.

शिधावाटपाचा तांदूळ खावा की नाही

पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदळाबद्दल संभ्रम आहे आणि त्याला कारणही आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत, लोह मिसळलेल्या अन्नाच्या वेष्टनावर सिकलसेलच्या रुग्णांनी ते खाऊ नये असा इशारा छापणे बंधनकारक होते. पुढे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी असा इशारा आवश्यक नसल्याचा निष्कर्ष काढला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तो जाहीरही केला. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने हा तांदूळ डिसेंबर २०२८ पर्यंत पुरवण्यास मंजुरी दिली. आधी ‘खाऊ नका’, मग ‘खाल्ला तरी चालेल’. वाचणारा गोंधळला तर त्याचा दोष नाही.

थोडे गणित केले तर चित्र स्पष्ट होते. या तांदळाच्या एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. माणशी महिना पाच किलो शिधा आणि तो सगळा तांदळाचाच धरला, तरी दिवसाला साधारण ४.७ ते ७.१ मिलिग्रॅम लोह पोटात जाते. त्यातले फार तर एक दशांश शोषले जाते असे धरू. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त २१ मिलिग्रॅम. रक्ताची एक पिशवी दहा-बारा महिन्यांच्या तांदळाइतके लोह एका दिवसात देते. ज्याला रक्त चढवलेले नाही त्याने हाती आलेला शिधा नाकारून उपाशी राहण्यात काहीच शहाणपण नाही. ज्याचे फेरिटिन १,००० च्या वर गेले आहे, ज्याला लोह काढण्याची औषधे चालू आहेत, त्याने मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे. शक्य असेल तर घरच्या ज्वारी-गव्हावर भर द्यावा आणि जेवणाबरोबर चहा घ्यावा. चहा लोहाचे शोषण कमी करतो, एरवी दोष ठरणारा त्याचा हा गुण येथे उपयोगी पडतो.

पाणी

सिकलसेलच्या आहारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाणी आहे. शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशीच्या आतले हिमोग्लोबिन अधिक दाट होते आणि पेशी विळ्याचा आकार लवकर घेते. मग बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत, पाठीत, पोटात असह्य कळा सुरू होतात.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमता लहानपणीच कमी होते. निरोगी माणूस पाणी कमी प्यायला तर त्याची लघवी कमी होते. सिकलसेलच्या रुग्णाची तशी होत नाही. पाणी प्या अथवा न प्या, शरीर ते बाहेर टाकतच राहते. त्यामुळेच या मुलांपैकी अनेक मुले मोठी होईपर्यंत अंथरूण ओले करतात. मग घरात उपाय केला जातो तो संध्याकाळनंतर पाणी बंद करण्याचा. मुलाला रागावले जाते, तहानलेले झोपवले जाते आणि पहाटे ते पाय दुखतात म्हणून रडत उठते. या दोन गोष्टींचा संबंध घरच्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. अंथरुणाखाली प्लास्टिक घालावे, रात्री एकदा उठवून लघवीला न्यावे, पण पाणी तोडू नये.

प्रौढ रुग्णाने एरवी दिवसाला तीन लिटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी प्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार जडला असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यायचे. संत्र्याच्या बागेत किंवा मजुरीवर जाणाऱ्याने पाण्याची स्वतःची बाटली जवळ ठेवावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पीत राहावे. ताक, आंबील, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी हे सगळे चालते. शाळकरी मुलाला वर्गात पाणी पिण्याची आणि मध्येच लघवीला जाण्याची मुभा मिळावी, असे शिक्षकांशी बोलून ठेवावे.

निर्जळी उपवास या रुग्णांनी करू नये. हरतालिका असो, एकादशी असो, नवरात्र असो. फराळ करून, पाणी पीत उपवास करणे वेगळे आणि कोरडा उपवास वेगळा. मोहाची असो की दुकानातली, दारू शरीरातले पाणी खेचून घेते. खर्रा आणि बिडीतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते; आधीच तुंबणाऱ्या वाहिन्यांना ते परवडत नाही. थंडीही झटका आणू शकते. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच्या दवात ओल्या कपड्यांनी राहणे टाळावे, हे आहाराच्या चौकटीत बसत नसले तरी सांगितलेले बरे.

फॉलिक ॲसिड आणि बाकीच्या गोळ्या

तांबड्या पेशी सतत नव्याने घडवाव्या लागत असल्याने फॉलिक ॲसिड अधिक लागते, या तर्काने सिकलसेलच्या रुग्णाला रोज ही गोळी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ती बहुधा ५ मिलिग्रॅमची असते, लहान मुलांना कमी. या पद्धतीमागचा पुरावा किती, असे विचाराल तर थोडा. १९८३ साली जमैकात ११७ मुलांवर झालेल्या चाचणीत रक्तातील फोलेटची पातळी वाढली, हिमोग्लोबिनमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तरीही गोळी स्वस्त आहे आणि हिरव्या भाज्या ज्या घरात रोज शिजत नाहीत तेथे ती शहाणपणाची आहे. गर्भवतीने ती चुकवूच नये.

माळकरी किंवा शुद्ध शाकाहारी घरांत एक काळजी घ्यावी. फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ ची कमतरता रक्ताच्या साध्या तपासणीत झाकली जाते आणि आतल्या आत मज्जातंतूंना इजा होत राहते. हातापायांना मुंग्या येणे, झिणझिण्या, तोल जाणे अशी लक्षणे असतील तर बी-१२ तपासून घ्यावे. दूध-दही-ताकातून ते थोडे मिळते, अंडी आणि मांसातून अधिक.

डी जीवनसत्त्वाची कमतरता या रुग्णांत सर्रास आढळते. ती हाडांचे दुखणे वाढवते आणि मग दुखणे झटक्याचे की कमतरतेचे, हे कळेनासे होते. तपासून, ठरावीक काळापुरते ते घ्यावे. दर आठवड्याची पाकिटे वर्षानुवर्षे घेत राहू नयेत.

जस्ताची कथा जरा गुंतागुंतीची आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १४५ रुग्णांवर केलेली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत जस्त घेणाऱ्यांना वेदनांचे झटके कमी आले. अलीकडे युगांडात २५० लहान मुलांना रोज १० मिलिग्रॅम जस्त वर्षभर दिले गेले, तेव्हा गंभीर जंतुसंसर्ग कमी झाला नाही. मात्रा वेगळी, वय वेगळे, मोजलेली गोष्टही वेगळी. वाढ खुंटलेल्या मुलाला डॉक्टर जस्त देतील, पण औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणून घेण्याची ही वस्तू नाही. दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्यास तांबे कमी पडून रक्तच घटते.

मासळीच्या तेलातील ओमेगा-३ वर सुदानमध्ये १४० रुग्णांवर झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आशादायक होती. आपल्या जवसाच्या चटणीत ओमेगा-३ आहे, पण ते वेगळ्या प्रकारचे. मासळीतल्या प्रकारात त्याचे रूपांतर शरीरात फारच थोडे होते. चटणी जरूर खावी, औषध म्हणून मोजू नये. ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या भुकटीला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. २३० रुग्णांच्या चाचणीत ४८ आठवड्यांतील झटके मध्यमानाने चारांवरून तीनवर आले. फरक एवढाच आणि खर्च मोठा. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा काढा, प्रथिनांचे महागडे डबे यांबद्दल एवढेच म्हणता येईल की त्यांवर जाणारा पैसा अंडी आणि डाळीवर खर्च केलेला बरा.

ताटात काय असावे

सिकलसेलच्या मुलाचे शरीर विश्रांतीतही निरोगी मुलापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करते. म्हणूनच ही मुले किडकिडीत राहतात आणि वयात उशिरा येतात. त्यांना पथ्याची नव्हे, जास्त अन्नाची गरज असते. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसात चार-पाच वेळा खायला द्यावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, झुणका, हरभरे, शेंगदाण्याची चटणी, दूध-दही आणि परवडेल तेथे रोज एक अंडे, एवढ्याने प्रथिने आणि उष्मांक दोन्ही साधतात. मेथी, पालक, अंबाडी, चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, शेवग्याची पाने यांतून फोलेट मिळते. भाजीतले लोह फार थोडे शोषले जात असल्याने, फेरिटिन वाढलेले असले तरी हिरव्या भाज्या बंद करायच्या नसतात. कमी करायचे ते काळीज-कलेजी आणि तांबडे मांस.

संत्रे येथे घरचे फळ. त्यात पाणी आहे, फोलेट आहे आणि क जीवनसत्त्वही. लोह साचलेल्या रुग्णाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे हृदयाला धोक्याचे ठरते. दिवसाच्या एक-दोन संत्र्यांना हा इशारा लागू नाही. फक्त ती जेवणाबरोबर न खाता मधल्या वेळी खावीत. लोह काढणारी डेफेरासिरॉक्सची पाण्यात विरघळवायची गोळी संत्र्याच्या रसातही चालते, उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी.

स्वच्छतेचा मुद्दा आहाराच्या यादीत सहसा येत नाही, पण तो यायला हवा. या आजारात पाणथरी (प्लीहा) लवकर निकामी होते आणि काही जंतूंशी लढण्याची ताकद घटते. साल्मोनेला हा जंतू पोटातून रक्तात आणि तेथून हाडात शिरतो. सिकलसेलच्या रुग्णांत हाडाच्या जंतुसंसर्गाचे ते प्रमुख कारण आहे. कच्चे अंडे, न तापवलेले दूध, अर्धवट शिजलेली कोंबडी आणि आदल्या दिवशीचे उघड्यावरचे अन्न देऊ नये.

औषधाची जागा आहार घेत नाही

भारतात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य असतो, अशी समजूत बराच काळ होती. नागपूर परिसरातील मुलांच्या अभ्यासांनी ती खोडून काढली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नागपूरच्याच एका चाचणीत ६० मुले होती. ज्या गटाला वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सियुरिया दिले गेले, त्या गटातील झटके १८ महिन्यांत वर्षाला सरासरी बारांवरून एकाच्याही खाली आले. वर उल्लेखलेल्या कोणत्याही पूरक गोळीच्या नावावर असा आकडा नाही. हे औषध घेताना रक्तपेशींची नियमित तपासणी लागते आणि मूल हवे असेल तेव्हा स्त्री व पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. त्याने तांबड्या पेशींचा आकार वाढतो. अहवालातील तो वाढलेला आकडा पाहून कोणी घाबरू नये.

ताप १०१ अंशांच्या वर जाणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, मूल अचानक पांढरे पडून डाव्या कुशीत गाठ लागणे, पुरुषाच्या लिंगाला तासन्‌तास वेदनादायक ताठरता राहणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. थेट रुग्णालय गाठावे. नागपूरला निघताना तपासणीचे कार्ड, शेवटचा फेरिटिन अहवाल, आजवर किती पिशव्या रक्त चढले याची नोंद आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, टॉनिक आणि काढ्यांसकट, एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत.